समरसेनला ‘या’ म्हणावं की नाही

१९ सप्टेंबर १९५६, बुधवार

आज नववीच्या वर्गात शिरले आणि खडू हातातच राहिला. पहिल्या बाकावरच्या मुलींच्या गळ्यावर दोन-दोन लाल ठिपके! डाव्या बाजूला, कानाखाली, अगदी जवळजवळ. आधी वाटलं, ढेकूण चावले. मग मागे पाहिलं — दुसऱ्या बाकावर तेच! तिसऱ्यावरही! ढेकूण इतके शिस्तीचे नसतात.

“काय आहे हे?”

शेवटी रजनी उठली. वकिलांची मुलगी, वर्गातली सगळ्यात तोंडाळ. “बाई, कुंकू आहे.”

“कुंकू कपाळाला लावतात.”

“बाई, हे त्याचं आहे.”

“कोणाचं?”

सबंध वर्ग हसत सुटला. मला ओरडायचं होतं, पण मलाच हसू येत होतं. फळ्याकडे तोंड फिरवून उभी राहिले.

पुस्तक निघालं बाकाखालून. ‘उंबऱ्याबाहेरचा’, भाग पहिला. लेखक निशानाथ. वर चित्र — काळ्या अंगरख्यातला उंच माणूस दारात उभा, ओठांबाहेर दोन दात, आणि डोळे असे की पुस्तक पालथं ठेवावं लागलं. आत शिक्का आमच्याच राजपुऱ्याच्या मराठी वाचनालयाचा! जप्त केलं. रजनी म्हणाली, “बाई, सांभाळून हं. अजून आठ जणींचा नंबर आहे.”

२१ सप्टेंबर, शुक्रवार

काय दिवस! आधी श्वास घेते.

यादवरावांनी वाचनालयात बोलावलं. ते निवृत्त हेडमास्तर, वाचनालयाचे अध्यक्ष, माझेही एके काळचे गुरुजी. त्यांच्यासमोर दापोऱ्याचे शालिग्राम पाटील बसलेले. केळीवाले. वाचनालयाची खोली त्यांच्याच मालकीची, म्हणून ते उपाध्यक्ष. त्यांची कोकिळा माझ्या नववीत आहे — शाळेसाठी इथे राजपुऱ्यात आत्याकडे राहते. गरीब गाय. तिच्याही गळ्यावर ठिपके होते परवा!

“पोरगी चुलीपुढं बसून वाचते,” पाटील म्हणाले. “भाकर जळून कोळसा झाली तरी तिले पत्ता नाही. आत्यानं हाक मारली तं म्हनते, थांब, तो दाराशी आला हाय. कोन आला हाय? मले सांगा, कोन आला हाय माह्या पोरीच्या दाराशी?”

यादवरावांनी समजावलं. इंग्रजीत याला व्हँपायर म्हणतात. आपल्याकडे नेमकं नाव नाही. मेलेला, पण मरण न आलेला माणूस. रक्तावर जगतो. वेताळ नव्हे, हडळ नव्हे.

“अन् पोरी त्याच्यावर भाळल्या?” पाटलांनी विचारलं. यादवरावांनी चष्मा पुसला. “असं दिसतंय.”

पाटलांचं म्हणणं, वाचनालयातल्या तिन्ही प्रती तापीत टाका. नाहीतर खोली रिकामी करा.

आणि मग! यादवराव माझ्याकडे वळले. “कमलताई, कमिटीत आम्ही सगळे बाप्ये, बहुतेक साठीपुढचे. एकानंही हे वाचलेलं नाही. तुम्ही वाचा. तुम्ही मुलींत असता. वयात येणाऱ्या पोरींच्या हाती हे द्यावं की नाही, तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल ते कमिटी ऐकून घेईल.”

माझं मत! माझं! या गावात मला आजवर एवढंच विचारलंय, वरण कुठल्या डाळीचं करू आणि लग्न कधी. टांगा न करता चालत घरी आले. चालत कसली, पळतच.

२२ सप्टेंबर, शनिवार

अर्धी शाळा. दुपारी मागच्या पडवीत बसले आणि पहिला भाग हाती घेतला. पेन्सिल घेऊन बसले होते, खटकेल तिथे खुणा करीन म्हणून. पेन्सिल कुठे गेली माहीत नाही.

समरसेन — तीनशे वर्षांचा तहानलेला. गडाखालच्या गावात शाळामास्तरांची मुलगी हेमांगी. दिवस मावळला की तो तिच्या दाराशी येऊन उभा राहतो. पण घरातल्या माणसानं तोंडानं ‘या’ म्हटल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता येत नाही. हा त्याचा शाप. म्हणून तो उभाच. हिवाळा, उन्हाळा, पाऊस. ती दिवा लावायला येते, तो म्हणतो — “आजही नाही?” ती म्हणते — “आजही नाही.” बस, एवढंच! पानंच्या पानं एवढंच! आणि माझ्या कानाच्या पाळ्या गरम!

आशावहिनी डाळ निवडत होती. “वन्सं, तोंड का असं झालंय? ताप आहे का?” काय सांगू? सांगितली गोष्ट. वहिनीचं सूप मांडीवरच राहिलं. “मग? म्हणाली का ती या?” म्हटलं, अजून नाही. “नकोच म्हणू देत,” वहिनी म्हणाली. आणि जरा वेळानं, “पण बिचारा पावसात उभा आहे ना?”

२३ सप्टेंबर, रविवार

म्हणाली! शेवटच्या पानावर, शेवटची ओळ. ‘या.’ मी पुस्तक छातीशी धरून घरभर फिरले. वहिनीला सांगितलं तर ती देवघरातून ओरडली, “मूर्ख पोरगी!” — आणि लगेच, “दुसरा भाग आहे ना?”

२५ सप्टेंबर, मंगळवार

दुसरा भाग संपला. आज मन दुसऱ्याच तऱ्हेनं उसळतंय.

आता तो घरात आहे. मैत्रीण आली तर म्हणतो, “तिला बोलावू नकोस, तिच्या डोळ्यांत मत्सर आहे.” खिडक्या बंद करतो. हेमांगी जेवण सोडते. तिचं अंग पांढरं पडत जातं आणि पुस्तक म्हणतं, ती चंद्रासारखी होत चालली. तिची आई दाराशी रडते, हिला ऐकूच येत नाही. आणि लिहिलंय इतकं सुंदर, इतकं मऊ की —

तेच लिहायचंय. त्या मैत्रिणीच्या प्रसंगाला मी मान डोलावली. “बरोबर आहे, नकोच ती मैत्रीण” असं वाटलं मला! तीन पानं पुढे गेल्यावर थबकले. अगं, मैत्रिणीनं केलं काय होतं? काहीच नाही! हेमांगी बरी आहे ना, एवढं बघायला आली होती. मी अठ्ठावीस वर्षांची, मास्तरीण, बिनलग्नाची असले तरी जग पाहिलेली. मला तीन पानं लागली. नववीतल्या पोरीला किती लागतील?

तिसरा भाग अजून छापून यायचाय.

काय सांगू कमिटीला? पहिला भाग हातातून सोडवत नाही. दुसरा अंगावर येतो, पण ते आधी कळतच नाही.

२७ सप्टेंबर, गुरुवार

पोरींनाच विचारलं! आधी का नाही सुचलं?

व्याकरणाचा तास बाजूला ठेवला. दार लोटलं. म्हटलं, ठिपक्यांची शिक्षा नाही, पण खरं बोला. आधी कुजबुज. मग काय विचारता! फटाक्यांची लड!

रजनी — “बाई, तो वाईट आहे हे आम्हाला कळतं. बच्चे थोडीच आहोत! वाईट आहे म्हणून तर मजा.”

मागून सोजर, लठ्ठशी, हसरी — “मला दुसरा नाही आवडला. ती जेवतच नाही! त्याच्यासाठी जेवण कशाला सोडायचं? तो कुठे जेवतो?” सगळ्या खिदळल्या.

मी विचारलं, “तो मैत्रिणीला येऊ नको म्हणतो, ते कसं वाटलं?” रजनी पटकन म्हणाली, “प्रेमात असं होतंच, बाई.” मग स्वतःच थांबली. “म्हणजे... होतं ना?” तिच्या शेजारणीकडे पाहिलं तिनं. शेजारणीनं तिला कोपर मारलं — “मला कोणी म्हणून तर बघू दे, रजनीला भेटू नको!” वर्गभर टाळ्या! मला इतका आनंद झाला, इतका की टेबलाला धरून उभी राहिले. पोरींना समजतं. कोणीतरी सोबत विचारायला हवं, बस.

तास संपताना कोकिळा उठली. इतक्या हळू बोलली की पुढे वाकून ऐकलं. “बाई, तो थांबतो. ती या म्हणेपर्यंत तो थांबतो. एवढं कोण थांबतं?”

१ ऑक्टोबर, सोमवार

कोकिळा आली नाही. आत्याकडे निरोप पाठवला, तर दापोऱ्याला नेलंय म्हणे. पाहुणे येणार आहेत.

२ ऑक्टोबर, मंगळवार

गावभर झालंय! मी सोजरकडून ऐकलं, वहिनीनं भाजीवालीकडून, रमेशदादानं गिरणीच्या ऑफिसात. तिघांचंही एकच.

कोकिळेला पाहायला रावेरकडचे पाहुणे आले होते. मुलगा तिशीतला, बिजवर. पाटलांनी ओसरीत गादी घातली, केळी-चिवडा मांडला. कोकिळेला बाहेर बोलावलं. ती माजघराच्या उंबऱ्यावर येऊन थांबली. पुढे येईना. मुलाच्या बापानं विचारलं, “बेटी, नाव काय तुझं?” तर ही म्हणाली —

“मी या म्हटलं नव्हतं.”

एवढंच! आणि आत निघून गेली!

पाहुणे चहाही न पिता गाडीत बसले. ऐकल्यापासून घरभर येरझारा घालतेय. भीतीनं की आनंदानं, मलाच कळत नाही. ही तीच कोकिळा, जिच्याकडून कविता म्हणवून घ्यायची तर मला आधी अर्धी स्वतः म्हणावी लागते!

३ ऑक्टोबर, बुधवार

कोकिळेचं शाळेतून नाव काढायचं म्हणून पाटलांचा माणूस हेडमास्तरांकडे येऊन गेला. वाचनालयाला निरोप वेगळा — पुस्तकं जाळा, नाहीतर खोली सोडा. कमिटीतले गजाननराव म्हणाले, “जाळूनच टाका. एका पोरीचं वाटोळं झालं, बाकीच्यांचं तरी वाचेल.” वाटोळं! बिजवराला नको म्हणाली ते वाटोळं?

पण कोकिळेची शाळा गेली, हे खरं. पुस्तकामुळे गेली, हेही खरंच. दिवसभर हेच डोक्यात. यादवरावांना म्हटलं, मीटिंगआधी मला दापोऱ्याला जायचंय. ते म्हणाले, “जा. पण भांडायला जाऊ नका. शालिग्राम वाईट माणूस नाही, घाबरलेला आहे.”

७ ऑक्टोबर, रविवार

दापोऱ्याला जाऊन आले. वहिनीला सोबत नेलं. एकटीनं जायला दादा नको म्हणाला, आणि वहिनीला तर ‘ती’ कोकिळा बघायचीच होती.

पाटील केळीच्या बागेत होते. पाण्याचा पाट फिरवत होते. आम्हाला पाहून फावडं टेकलं, “या” म्हणाले — आणि म्हणताक्षणी त्यांचाच चेहरा पडला. तो शब्दच त्यांच्या घरात आता अवघड झालाय!

ओसरीत बसलो. कोकिळा दिसली नाही. तिची आई मथुराबाई दाराआड. पाटील सरळ मुद्द्यावर आले.

“बाई, तुमी शिकेल-सवरेल. खरं सांगा. तुमची पोरगी आसती तं दिलं आसतं हे पुस्तक?”

वाटेत मी केवढी उत्तरं जुळवली होती! एकही कामाला आलं नाही. जे होतं ते बोलले. “पहिला भाग दिला असता. दुसरा दिला असता, पण शेजारी बसून.”

“शेजारी बसाले कोनाले येळ हाय? माह्या घरवालीले वाचता येत नाही. मी दिवसभर बागेत. मंग ते पोरीशेजारी कोन बसते? तोच बसते, तुमचा समरसेन!”

बरोबर बोलत होते ते.

मग त्यांनी विचारलं, “शेवटाले ती पोरगी मरते का?”

“माहीत नाही. तिसरा भाग आला नाही अजून.”

“म्हंजे तुमाले बी माहीत नाही, अन् पोरी वाचून राह्यल्या!” ते हसले. रागानं नाही. दमून हसले. “बाई, त्या दिशी ती बोलली ना, मले राग मंग आला. पयले भेव वाटलं. आवाज माह्याच पोरीचा, पन ती कवा अशी बोलली नाही. मले वाटलं, पुस्तकातलं कोनी तिच्या तोंडून बोलून राह्यलं.”

इथे वहिनी! माझी वहिनी, जी चारचौघांत डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, ती म्हणाली, “भाऊ, पुस्तकातली तर या म्हणाली. तुमच्या पोरीनं नाही म्हटलं. मग पुस्तकातलं कोण बोललं? तीच बोलली ना?”

पाटील वहिनीकडे बघतच राहिले. मीही!

दाराआडून मथुराबाईंचा आवाज आला. “मी तं तवाच म्हनलं. बिजवर हाय, पोरगी लहान हाय. माहं कोन आयकतं?”

“लहान?” पाटील तिकडे वळले. “पंधरावं लागलं तिले.”

आणि मला एकदम सुचलं. वीज चमकावी तसं! मी म्हटलं, “पाटील, तुमचं म्हणणं, दाराशी उभ्या असलेल्या माणसाची गोष्ट वाचायला कोकिळा लहान आहे.”

“हाव.”

“मग दाराशी खराखुरा माणूस आणून उभा करायला ती मोठी कशी?”

मला वाटलं, आता हाकलून देतात. मी तशीच पुढे बोलत सुटले — थांबले असते तर धीर गेला असता. “एकच वय ठरवू या. सोळा. सोळा पुरी झाल्याशिवाय वाचनालयातून कुठल्याही मुलीला हे पुस्तक मिळणार नाही. मी स्वतः कमिटीत सुचवते, मंजूर करून घेते. पण सोळा पुरी झाल्याशिवाय कोकिळेसाठी पाहुणेही नाहीत. तोवर शाळा.”

“सोळा?”

“सोळा.”

“म्हंजे मॅट्रिक लोक?”

“म्हणजे मॅट्रिकपर्यंत.”

त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. “तुमी वकील व्हायले पायजे व्हतं, बाई.” मग म्हणाले, “कमिटीनं ठरवू द्या. मंग पाठवतो.”

निघताना कोकिळा गोठ्यामागून आली. माझ्या हातात केळीची फणी ठेवली आणि गळा दाखवला. ठिपके पुसलेले होते. मग हसली!

बैलगाडी शनवारा वेशीपाशी आली तेव्हा वहिनी म्हणाली, “वन्सं, मी जास्त बोलले का हो?” मी तिला मिठीच मारली, भर रस्त्यात.

१७ ऑक्टोबर, बुधवार

मीटिंग! कमिटीसमोर बोललेली मी पहिलीच बाई. हिरव्या काठांची साडी.

गजाननराव सुरुवातीलाच — “असली घाण हवी कशाला वाचनालयात?” मी विचारलं, “आपण कुठला भाग वाचलात?” ते म्हणाले, “वास आला की चव घ्यावी लागत नाही.” सगळे हसले. हशानंच मला धीर आला, गंमत बघा.

म्हटलं, घाण नाही. मिरची आहे. पहिला भाग मुलीला सांगतो की तिच्या एका शब्दाला किंमत आहे, तो तिनं म्हटल्याशिवाय तीनशे वर्षांचा राक्षसही आत येऊ शकत नाही. हे आपण कुठल्या धड्यात शिकवतो? दुसरा भाग मात्र कोंडून ठेवण्याला प्रेम म्हणतो, आणि इतकं गोड म्हणतो की मीही फसले. हो, मी. म्हणून सोळाच्या आतल्या मुलींना देऊ नये. सोळानंतर द्यावं, आणि महिन्यातून एकदा इथे बसून त्यावर बोलावं. मी बसेन. जाळू मात्र नका. जाळलेल्या पुस्तकाची गोष्ट पोरी दुप्पट रंगवून सांगतील, आणि ती तपासायला आपल्या हाती काहीच उरणार नाही.

गजाननराव पुन्हा उठले. तेव्हा यादवराव बोलले, शांतपणे. “पुढच्या महिन्यात नवं राज्य होतंय. नागपूर, वऱ्हाड तिकडे मराठी मुलखात, आपण इकडे, हिंदी मुलखात. उद्या या कपाटांतली मराठी पुस्तकं कोण वाचणार? मी? तुम्ही? आपण अजून किती दिवस? आज पोरी रांग लावून मराठी पुस्तक मागतायत. त्या रांगेला मी तरी काडी लावणार नाही.”

कोणी खोकलं. कोणी पंख्याकडे पाहिलं. मग पाटील उठले. मला वाटलं, संपलं. “सोळाचा नियम लिहा,” म्हणाले. “खोली राहील.”

मंजूर! बाहेर येऊन मी जिन्यावरच बसून घेतलं.

१९ ऑक्टोबर, शुक्रवार

वर्गात सांगितलं. रजनी फणकारली — “बाई, तुम्ही आमच्याकडून आहात की त्यांच्याकडून?” बाक दाणकन वाजवून बसली. कोकिळेबद्दल सांगितलं असतं तर समजली असती. पण ते सांगायचं नाही, तिच्या घरचं आहे. जाऊ दे. रागावू दे. बोचतं मात्र.

२२ ऑक्टोबर, सोमवार

कोकिळा आली! दुसऱ्या बाकावर, खिडकीशी. हजेरीला तिचं नाव घेतलं, तर “हजर बाई” सबंध वर्गाला ऐकू आलं!!

आणि ही दुसरी बातमी तर त्याहून — यादवराव म्हणाले, कमिटीनं लेखकालाच बोलवायचं ठरवलंय. गजाननरावांचीच सूचना, जाब विचारायला! यादवरावांनी त्या सूचनेचं व्याख्यान करून टाकलं. जळगावच्या प्रकाशकांना लिहिलंय. निशानाथ स्वतः! इथे!

१ नोव्हेंबर, गुरुवार

आजपासून राजधानी भोपाळ. दादा सकाळी दात घासता घासता म्हणाला, “रात्री एका राज्यात झोपलो, उठलो दुसऱ्यात. नाव मात्र तेच, मध्यप्रदेश.” शाळेत झेंडा, भाषण, भाषण हिंदीत. मुलींना पेढे. मी मैदानभर उभ्या मुलींकडे पाहत होते. मराठीचे वर्ग राहतील का, कोणालाच माहीत नाही. पण दिवाळी आहे, आणि माझ्या मनात दिवाळीहून दुसरंच काही चाललंय.

प्रकाशकांचं उत्तर आलं. निशानाथ दिवाळीनंतर येतील. रविवारी, भुसावळ पॅसेंजरनं.

१० नोव्हेंबर, शनिवार

सगळ्या गावाला एकच प्रश्न — कसा असेल?

गजाननराव — पन्नाशीचा, दारुडा, बायकोनं टाकलेला. रजनी (आता बोलते माझ्याशी! व्याख्यानाला सगळ्या वयाच्या मुली चालतील म्हटल्यावर राग विरघळला) — उंच, कुरळे केस, एका मुलीनं फसवलेला. सोजर — “बारीक असेल, बाई. त्याला जेवणाचं काही पडलेलंच नाही.” कोकिळा — “शांत असेल. ऐकून घेत असेल.”

आणि मी? इथे लिहायला कसली लाज. पस्तिशीचा असावा. विधुर कदाचित. लांब बोटं. कुणाची तरी खूप वाट पाहिलेला, नाहीतर ते पावसातलं पान लिहिता येणारच नाही. मी त्याला दुसऱ्या भागाबद्दल विचारणार आहे, धीटपणे. तो माझ्याकडे बघेल आणि म्हणेल, “हे आजवर कोणीच विचारलं नाही.”

अगं कमल, कमल! पोरींना सोळाचा नियम आणि तुला?

वहिनीनं ट्रंकेतून स्वतःची जांभळी साडी काढून दिली. काही विचारलं नाही. नुसती हसली.

१७ नोव्हेंबर, शनिवार

मावा जिलेबी सांगितली. हार सांगितला. स्टेशनवर स्वागताला जाणाऱ्यांत यादवरावांनी माझं नाव पहिलं घातलंय. पाटीलही येणार आहेत दापोऱ्याहून. बस.

१८ नोव्हेंबर, रविवार

गाडी आली. हार घेऊन आम्ही पहिल्या वर्गाच्या डब्याकडे धावलो. तिथून कोणीच उतरलं नाही. तिसऱ्या वर्गातून एक गृहस्थ उतरले, बोटांना छापखान्याची शाई. यादवरावांनी त्यांच्या गळ्यात हार घातला. ते घाबरून म्हणाले, “मी नाही हो, मी तर छापतो नुसता,” आणि बाजूला झाले. मागे दोन वेण्या, परकर-पोलकं, हातात पाण्याचा तांब्या.

“मीच निशानाथ,” ती म्हणाली. “बाबा म्हणाले, मुलीचं नाव घातलं तर कोणी घेणार नाही.”

पाटलांनी तिला विचारलं, कितवीत आहेस, पोरी?

आठवीत.

वाचनालयात गेल्याबरोबर तिनं कपाटातून स्वतःचं पुस्तक काढायला हात पुढे केला, आणि सगळी कमिटी माझ्या तोंडाकडे बघायला लागली.